न बदललेल्या ओळी

पॅच लागला नाही की आपण आधी आपली दुरुस्ती तपासतो. नवी ओळ नीट आहे ना, एखादं अवतरणचिन्ह सुटलं नाही ना. तिथं बहुधा काहीच सापडत नाही. बिघाड असतो आपण हातही न लावलेल्या ओळींत.

बदलांची फाइल मूळ फाइलीवर लावणारा पॅच हा प्रोग्राम लॅरी वॉल यांनी १९८५ साली लिहिला. पॅच फाइलीत ओळीचा क्रमांक असतो, पण प्रोग्राम त्याच्यावर विसंबून राहत नाही. मधल्या काळात वर कुणी दहा ओळी घातल्या तर क्रमांक सरकणारच. म्हणून बदलाच्या वर आणि खाली सहसा तीन-तीन जुन्या ओळी सोबत दिलेल्या असतात आणि त्यांच्यावरून जागा शोधली जाते. अमरावतीत आपण घर क्रमांकावरून सांगत नाही. राजकमल चौकातून कुठं वळायचं, शेजारी कोणतं दुकान आहे, ते सांगतो. हंक म्हणजे पॅचमधला एक तुकडा; ‘हंक फेल्ड’ या संदेशाचा अर्थ एवढाच की सांगितलेल्या खुणा भेटल्या नाहीत. आत आणलेल्या सामानाबद्दल त्यात काहीही म्हटलेलं नाही.

आता मराठीतली अडचण पाहू, कारण ती इंग्रजी मजकुरावर काम करणाऱ्याच्या वाट्याला सहसा येत नाही. समजा, भाषांतराच्या एका फाइलवर अमरावतीचा एक विद्यार्थी आणि अकोल्याची एक विद्यार्थिनी काम करत आहेत. एका ओळीत ‘वऱ्हाड’ हा शब्द आहे. तिनं त्याच्या लगेच खालची ओळ सुधारून पॅच काढला. दरम्यान त्यानं वरची ओळ नव्यानं टाइप करून मुख्य फाइलीत नेली. शब्द तोच, शुद्धलेखन तेच, पडद्यावर काडीचाही फरक नाही. तरी तिचा पॅच नाकारला जातो.

कारण ‘वऱ्हाड’मधला हा अर्धा र दोन रीतींनी साठवता येतो. त्यानं इनस्क्रिप्ट कळफलक वापरला. त्यात ऱ ची स्वतंत्र कळ आहे, युनिकोड क्रमांक ०९३१, आणि त्यापुढं हलन्त. तिच्या प्रतीत मात्र साधा र, म्हणजे ०९३०, मग हलन्त आणि मग एक अदृश्य जोडचिन्ह आहे. युटीएफ-८ मध्ये या प्रत्येकाला तीन बाइट लागतात. म्हणजे एकाच शब्दाचे त्याच्याकडे १८ बाइट, तिच्याकडे २१. पॅच अक्षरं वाचत नाही, बाइट जुळवतो. तो थोडी सूट देतो खरी, पण ती कडेच्या एक-दोन ओळींपुरती. बदलाला चिकटलेली ओळ जुळलीच पाहिजे. युनिकोडचं सामान्यीकरणही इथं कामी येत नाही, ते जोडचिन्हाला ऱ मध्ये बदलत नाही. तिवसा तालुक्यातलं कुऱ्हा असो की ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ असे रोजचे शब्द, सगळीकडे हेच.

डोळ्यांवर भरवसा ठेवून हे कधीच उलगडत नाही. विममध्ये कर्सर अक्षरावर नेऊन जी आणि ८ दाबावं, बाइट समोर येतात. ईमॅक्समध्ये कंट्रोल-एक्स आणि मग बरोबरचं चिन्ह दाबलं की क्रमांक दिसतो. ओळीअखेरच्या मोकळ्या जागा, टॅबच्या ठिकाणी आलेल्या स्पेस, विंडोजचे ओळ-शेवट यांचीही तपासणी याच बैठकीत उरकावी.

सापडल्यावर पॅच फाइल उघडून हातानं जोडाजोड करायचा मोह होतो. तो टाळावा, असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर ओळींची मोजदाद असते. एक ओळ कमीजास्त झाली की ‘मालफॉर्म्ड पॅच’ हा नवा संदेश हजर. तिनं मुख्य फाइलीची ताजी प्रत घ्यावी, तोच बदल त्यावर करावा आणि पॅच नव्यानं काढावा. फाइलभर एकाच रीतीचा ऱ ठेवायचा असेल तर त्या बदलाचा पॅच वेगळा करावा आणि तो आधी पाठवावा. नाहीतर तपासणाऱ्यासमोर दिसायला जशाच्या तशा ओळींचा ढीग पडतो आणि तिनं खरोखर सुधारलेली एक ओळ त्यात कुठं आहे, हे त्याला शोधत बसावं लागतं.