सुट्टीतली पंगत

उन्हाळी शिबिर म्हणजे सुट्टीतले काही दिवस मुलांनी घरापासून दूर, मोठ्यांच्या देखरेखीखाली एकत्र राहणे. सकाळी दोन तास चित्रकला किंवा स्केटिंग शिकवून मुलांना घरी सोडणारे छंदवर्गही हल्ली याच नावाने चालतात. छंदवर्गात मूल एखादी कला शिकते. निवासी शिबिरात ते इतर मुलांबरोबर राहायला शिकते. शिबिराचे खरे मोल या राहण्यात आहे, आणि मुले जितक्या वेगवेगळ्या घरांतली, तितके ते मोल वाढते.

या कल्पनेचा उगम दोन निराळ्या गरजांतून झाला. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात शाळा चालवणारे फ्रेडरिक विल्यम गन यांनी १८६१ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना पायी समुद्रकाठी नेऊन तंबूंत ठेवले. सुस्थितीतल्या मुलांना उघड्यावरच्या आयुष्याची सवय व्हावी, हा त्यामागचा विचार होता. १८७६ मध्ये स्वित्झर्लंडमधील धर्मोपदेशक हेरमान वाल्टर बियोन यांनी झुरिकमधली ६८ गरीब मुले आप्पेनझेलच्या डोंगराळ मुलखात नेली. त्यांना हवी होती मोकळी हवा आणि पोटभर जेवण. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोंदट वस्त्यांतल्या मुलांसाठी विलर्ड पार्सन्स यांनी पेनसिल्व्हेनियातल्या ग्रामीण कुटुंबांत राहण्याची सोय केली. अशा रीतीने सधन घरांतल्या मुलांची शिबिरे आणि गरिबांच्या मुलांची शिबिरे वेगवेगळ्या वाटांनी वाढली. या दोन वाटा एकत्र आणण्याचा एक ठळक प्रयत्न ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर झाला. बेडन-पॉवेल यांनी तिथे नामांकित शाळांतली मुले आणि कामगारवर्गातली मुले एकाच छावणीत ठेवली. स्काउट चळवळीची सुरुवात या छावणीपासून मानली जाते.

महाराष्ट्रात वेगवेगळ्या थरांतल्या मुलांना एकत्र आणण्याच्या प्रश्नाला जातीची धार होती. कोणी कोणाच्या हातचे खायचे, कोणी कोणत्या पाणवठ्यावर जायचे, हे जिथे जन्माने ठरत होते, तिथे मुलांनी एका ओळीत बसून जेवणे हीच मोठी सामाजिक कृती होती. १९४१ मध्ये एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली नव्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाने शाखा आणि शिबिरांतून जात-धर्म न पाहता मुलामुलींना एकत्र आणले. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले. त्याआधी त्यांनी गावोगाव दौरा केला, त्यात सेवा दलाचे कलापथक त्यांच्याबरोबर होते. पुढे बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. श्रम, गाणी आणि सहभोजन ही महाराष्ट्रातल्या शिबिरांची त्रिसूत्री या परंपरेतून घडली.

एकत्र राहण्याचा परिणाम कसा होतो, हे बारीकसारीक गोष्टींत दिसते. जेवण झाल्यावर आपले ताट आपण घासायचे, हा बहुतेक शिबिरांचा नियम. पहिल्या दिवशी शहरातल्या फ्लॅटमधला मुलगा मुठीत राख घेऊन नुसता उभा राहतो. कडेला वाळलेली आमटी कशी निघणार, ते त्याला कळत नाही. शेजारी बसलेली पाड्यावरची मुलगी चार हातांत ताट लख्ख करते आणि ‘असं नाही, गोल फिरव’ म्हणत त्याचे ताट हातात घेते. शाळेत मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या या मुलीला इथे शिकवण्याचा मान मिळतो. रात्री तोच मुलगा कंदिलाच्या उजेडात गोष्टीचे पुस्तक मोठ्याने वाचतो आणि ती त्याला पुढचे पान उलटायची घाई करते. वाढपाची पाळी येते तेव्हा आपल्या हातून कोणाच्या पानात कमी पडले, हे दोघांनाही बघावे लागते. पहिल्या रात्री आईची आठवण येते, ती सगळ्यांनाच. दिवा मालवल्यावर मुसमुसणाऱ्या मुलाच्या घरची मिळकत किती, हे त्याच्या रडण्यावरून कळत नाही.

मात्र निरनिराळ्या मुलांना एका आवारात आणले की आपोआप स्नेह जुळतो, असे नाही. समाजमानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शरीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या एका उन्हाळी शिबिरात हे दाखवून दिले. साधारण ११ वर्षांची २२ मुले, सगळी सारख्याच मध्यमवर्गीय घरांतली. त्यांचे दोन गट केले आणि बक्षिसांसाठी सामने लावले. काही दिवसांतच एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत आणि खोल्यांवर हल्ले करण्यापर्यंत मजल गेली. नंतर दोन्ही गटांना एकत्र जेवू घातले, सिनेमा दाखवला. वैर हटले नाही. ते निवळले ते एकट्या गटाला न झेपणारी कामे पुढे आल्यावर. पाण्याच्या टाकीतला अडथळा सगळ्यांनी मिळून शोधला. जेवणाचा ट्रक अडला तेव्हा रस्सीखेचीत ज्या दोराने ती एकमेकांविरुद्ध झुंजली होती, त्याच दोराने सर्वांनी तो ओढला. परतताना मुलांनी एकाच बसने जायचे ठरवले. त्याच वर्षी गॉर्डन ऑलपोर्ट यांनी पूर्वग्रहांवरील आपल्या ग्रंथात हाच विचार मांडला: समान दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि वडीलधाऱ्या व्यवस्थेचा पाठिंबा असेल, तर भिन्न गटांचा सहवास पूर्वग्रह कमी करतो.

आजच्या शिबिरांची कसोटी इथे लागते. घसघशीत शुल्क आकारणाऱ्या शिबिरात एकाच आर्थिक थरातली मुले जमतात; घोडेस्वारी शिकतात, पण आपल्यापेक्षा वेगळे मूल त्यांना भेटत नाही. दुसरीकडे ज्या मुलांना शिबिराची सर्वाधिक गरज, त्यांचा मे महिना धाकट्या भावंडांना सांभाळण्यात, वीटभट्टीवर किंवा आईबापांबरोबर मजुरीत जातो. शाळा बंद म्हणजे दुपारचा आहारही बंद. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुट्टीतही शाळेतले दुपारचे जेवण देण्याचा आदेश दिला होता. सुट्टी सगळ्यांना सारखीच मिळते, पण तिचा उपभोग सारखा नसतो.

म्हणून सर्व थरांतल्या मुलांसाठी शिबिर घ्यायचे तर काही गोष्टी जाणीवपूर्वक कराव्या लागतात. शुल्क ऐपतीप्रमाणे घ्यावे आणि कोणी किती भरले हे मुलांना कळू नये. गट पाडताना एका शाळेतली, एका गावातली मुले एकत्र राहू देऊ नयेत. खाऊ, मोबाइल आणि महागडे कपडे घरी ठेवायला सांगावेत. स्पर्धा कमी आणि सामायिक कामे जास्त असावीत: स्वयंपाकाला हातभार, बांधबंदिस्ती, शेवटच्या दिवशीचे नाटक. मुलींना पाठवताना पालकांच्या मनात धास्ती असते. ती दूर व्हावी म्हणून स्त्री कार्यकर्त्या, स्वच्छ स्वच्छतागृहे आणि तक्रार ऐकणारे विश्वासाचे माणूस हवेच. जागेची अडचण फारशी नाही, कारण मे महिन्यात गावोगावच्या शाळा आणि वसतिगृहे रिकामी असतात. धान्य गावातून जमते, पाणी आणि सावली पाहून जागा ठरवता येते. खरी उणीव असते ती मुलांमध्ये रमणाऱ्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांची, आणि शासनाने व समाजाने पैसा खर्च करावा तो त्यांच्या तयारीवर.

आठ-दहा दिवसांचे शिबिर विषमता मिटवत नाही. शिबिर संपल्यावर एक मूल फ्लॅटमध्ये परतते, दुसरे पाड्यावर. परंतु पाड्यावरच्या मुलांविषयी यापुढे कोणी काही बोलले, तर त्या मुलाला ताट घासायला शिकवणारी मुलगी आठवते, तिचे नाव आठवते. आणि शहरातली मुले आपल्याहून हुशार असतात, हे त्या मुलीला आता कोणी सहजासहजी पटवू शकत नाही.