होकाराचे मोल

झाडे लावावीत काय, असे कोणी विचारले तर नाही म्हणणारा मनुष्य सहसा सापडावयाचा नाही. ज्या प्रश्नास सर्वांचे उत्तर एकच येते, त्या प्रश्नाने लोकमत मोजले जाते असे मात्र आम्हांस वाटत नाही. मोजला जातो तो केवळ लोकांचा शिष्टाचार.

हा विषय आज केवळ तात्त्विक राहिलेला नाही. २०३० पर्यंत वने व झाडे वाढवून अडीचशे ते तीनशे कोटी टन कार्बन डायऑक्साइड शोषला जाईल इतकी भर घालण्याचे वचन भारताने २०१५ साली जगास दिले. २०१९ च्या पावसाळ्यात तर एकट्या महाराष्ट्राने तेहेतीस कोटी रोपांचा संकल्प सोडला होता. एवढी रोपे कोणाच्या तरी जमिनीत जावयाची. साहजिकच लोकांचे मत अजमावले जाते, व बहुमत अनुकूल असल्याचे समाधानाने नोंदविले जाते.

आम्ही जयपुरात, सीकर रस्त्याजवळच्या मुरलीपुऱ्यात राहतो. येथील घरोघरी हा प्रश्न विचारावा, होकारच मिळेल. आम्हीही तोच देऊ. परंतु त्या होकारासाठी आम्हांस काय द्यावे लागते? जमीन आमची नाही, शेळ्या आमच्या नाहीत. आणि रोप सावली धरीपर्यंत आमची बदलीही झालेली असेल. उलट, पश्चिम राजस्थानातील धनगराचे कुरण पाच वर्षे कुंपणात गेले, तर त्याच्या कळपाने जावे कोठे? त्याचे मत व आमचे मत एकाच रकान्यात मिळवून बेरीज करणे गणितास मान्य असेल, न्यायास नाही.

शिवाय ‘झाड’ हा शब्द तरी एकाच वस्तूचा वाचक आहे काय? खेजडी हे झाड, आणि विलायती बाभूळ हेही झाडच. या बाभळीस जोधपूर संस्थानाने १९४० साली शाही वनस्पतीचा मान दिला. ती झपाट्याने पसरली, गरिबांस सरपण मिळाले, आणि अनेक ठिकाणी देशी गवत व झाडोरा मागे हटला. म्हणून प्रश्न विचारावयाचा तर कोणते झाड, कोणाच्या जमिनीवर, आणि चराई किती वर्षे बंद, हे सांगूनच विचारला पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, मग मोबदल्याचा आकडा विचारा म्हणजे खरे मत कळेल. हेही अपुरे आहे. १७३० साली जोधपूरजवळील खेजडली येथे अमृतादेवी व तिच्यामागून बिश्नोई स्त्रीपुरुष, एकूण ३६३ जण, खेजडीची झाडे वाचविताना मारले गेले. ती निष्ठा कोणत्या आकड्यात बसवावी?

याच प्रदेशात देवाच्या नावाने राखलेली ओरणे आहेत. आपल्या सह्याद्रीतील देवरायांची ती मरुभूमीतील भावंडे. तेथे गुरे चरतात, पण कुऱ्हाड चालत नाही. पुष्कळ ओरणांत गवत व विरळ झाडी असल्याने कागदावर ती ओसाड ठरतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये त्यांची पाहणी व आखणी करून त्यांस वन म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला, तो उगाच नव्हे. अशा एखाद्या ओरणात खड्डे खणून लागवड करावी काय, असे गावास विचारले आणि गाव नाही म्हणाले, तर नोंद काय होईल? ‘वृक्षलागवडीस विरोध’. पिढ्यानपिढ्या झाडे राखणारे विरोधकांत, आणि एकही न राखणारे आम्ही समर्थकांत!

आम्ही कारकून मंडळी रकाने भरण्यात आयुष्य वेचतो. रकान्यात काय मावत नाही, हे आम्हांस इतरांहून अधिक ठाऊक असावयास हवे. मत विचारणे हे केवळ मोजमाप नव्हे, ती संमतीची याचना आहे. याचना करणाऱ्याने नकार ऐकण्याची तयारी ठेवावी, नकाराचे कारण होकाराइतक्याच काळजीने लिहून घ्यावे, आणि ज्यास किंमत मोजावी लागणार त्याच्या दारी प्रथम जावे. आमच्या दारी सर्वांत शेवटी आले तरी चालेल.