दया उंदरालाही येते, मग देव कशाला?

आजचं चिंतन गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या ३२व्या श्लोकावर. दुसऱ्याचं सुखदुःख जो स्वतःवरून ओळखतो तो योगी श्रेष्ठ, असं भगवंत अर्जुनाला सांगतात.

रविवारी ट्रेकवरून परतताना एका मित्राने याच श्लोकावर मला अडवलं. "चांगुलपणा उत्क्रांतीतून आलाय रे. देव मध्ये कशाला?" तेव्हा काहीतरी थातूरमातूर बोललो. घरी येऊन वाचत बसलो.

त्याचं म्हणणं हवेतलं नाही. डार्विनने १८७१ सालीच 'द डिसेंट ऑफ मॅन'मध्ये नीतीची मुळं कळपात राहणाऱ्या प्राण्यांच्या प्रवृत्तींत शोधली होती. २०११ मध्ये शिकागोतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एक उंदीर नळीत कोंडलेला, त्याचा सोबती मोकळा. मोकळा उंदीर धडपडत दार उघडायला शिकला. शेजारी चॉकलेट ठेवलं तरी सोबत्याला सोडवलंच, आणि बऱ्याचदा चॉकलेटही त्याच्यासाठी ठेवलं! उंदीर कुठे पोथी वाचतो?

पण २०१४चा पुढचा प्रयोग वाचून मी गप्प झालो. पांढऱ्या उंदरांनी काळ्या डोक्याच्या जातीच्या अनोळखी उंदराला सोडवलं नाही. त्या जातीच्या एकाबरोबर काही दिवस राहिल्यावर मात्र सोडवलं. आणि जन्मापासून त्या दुसऱ्या जातीतच वाढलेल्या पांढऱ्यांनी आपल्याच रंगाच्या अनोळखीकडे पाठ फिरवली. म्हणजे प्रश्न रक्ताचा नाही, सहवासाचा.

मला माझंच आठवलं. कॉलेजच्या ग्रुपमधल्या एकाचा अपघात झाला, तासाभरात पैसे पाठवले. त्याच महिन्यात आमच्या बिल्डिंगचे वॉचमन काका आठवडाभर दिसले नाहीत, मला चौकशी करायचं सुचलंही नाही. नंतर कळलं, मुलगी ॲडमिट होती. श्लोक पाठ होता हं मला.

तर मित्रा, दया उत्क्रांतीतून आली, मान्य. भगवंतांनी ती त्याच वाटेने पाठवली असेल तर माझी काय हरकत? पण ती आपोआप जाते ओळखीच्या पिंजऱ्यापर्यंतच. श्लोक 'सर्वत्र' म्हणतो. एकनाथ महाराजांनी रामेश्वरासाठी आणलेलं गंगाजल तहानलेल्या गाढवाला पाजलं, अशी कथा आहे. ते गाढव काही त्यांच्यासोबत वाढलं नव्हतं. (धर्माच्या नावाने पिंजरा अजून लहान करणारेही आपल्यातच आहेत, हे तू म्हणशील. खरंय.)

काल काकांना मुलीचं विचारलं. बरी आहे, नववीत गेली. तिचं नाव मला तीन वर्षांत पहिल्यांदा कळलं.