एक ओवी दे

देवा,

तिवस्यातल्या या घरात दिवेलागण झाली आहे. आज पावसापाण्याचं मागणं नाही. माणसाने मागे काय राखावं, एवढं विचारायला हात जोडून बसलो आहे.

माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. तिचा आवाज मी मोबाईलमध्ये भरून घेतला आणि निश्चिंत झालो. आता आजी नाही, तो मोबाईलही सुरू होत नाही. घरात कोणालाच त्या ओव्या येत नाहीत. मी आवाज साठवला, ओवी शिकलो नाही. देवा, ही चूक पदरात घे.

पाठ केलेलंच टिकतं, हे तू याच जिल्ह्यात केव्हाच दाखवून ठेवलं होतंस. 13व्या शतकात रिद्धपूरला म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या लीळा ज्याने पाहिल्या-ऐकल्या त्याला विचारून विचारून गोळा केल्या. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. तेव्हा शिष्यांनी पाठ असलेलं आठवून लीळाचरित्र पुन्हा उभं केलं. महदंबेचे धवळेही रिद्धपूरचेच. त्या गाण्यांत रुक्मिणीचं लग्न आहे, आणि तिचं माहेर कौंडण्यपूर आमच्या तालुक्यात, वर्धेच्या काठी. गळ्यातून गळ्यात गेलेलं गाणं असं आमच्या दारापर्यंत आलं.

महानुभावांनी पुढे आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहिले. ग्रंथ जपले गेले, पण शतकानुशतकं इतरांना ते वाचता आले नाहीत. 20व्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या हाती किल्ली लागली, तेव्हा कुठे मराठीला आपलं आद्य गद्य दिसलं. आज आमचे फोटो, पत्रं, हिशेब पासवर्डाच्या आड आहेत. देवा, कुलूप लावताना किल्ली कोणाकडे ठेवायची, तेही सुचू दे.

किल्ली सोबत देऊन पाठवलेलं एक गाणंही आहे. 1977च्या सप्टेंबरात गोव्याच्या गायिका केसरबाई केरकर गेल्या. त्याच महिन्यात त्यांची भैरवी सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर बसून व्हॉयेजर-1 यानातून आकाशात निघाली. तबकडी कशी वाजवायची, याच्या खुणाही तिच्या वेष्टनावर कोरल्या आहेत. खुणा देता आल्या, देवा, पण ऐकणारा कान माणसाला पाठवता आला नाही. तो तूच घडवतोस. म्हणून पृथ्वीवर माणूस राख. भैरवीने ज्याचा जीव कासावीस होतो, असा माणूस राख.

मोझरीच्या गुरुकुंजात तुकडोजी महाराजांच्या दर पुण्यतिथीला दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी लाखो माणसं मौन उभी राहतात. 1968 साली त्या घटकेला महाराज गेले. त्या शांततेची पोथी नाही, तबकडी नाही. माणसं थांबतात, म्हणून ती घटका राहिली आहे. पुढच्या पिढीलाही तसं थांबता येऊ दे.

सगळंच राख, असं मी म्हणत नाही. भांडणं, हेवेदावे, खोट्या बातम्या काळाच्या पुरात जाऊ दे. गाडग्यात राख लावून ठेवलेलं देशी बियाणं राहू दे, कारण ते कोणीतरी पेरणार आहे. आजारात रात्रभर उशाशी बसणारी माणुसकी राहू दे. आणि जे आम्ही साठवू, ते वापरणारी माणसं राहू दे.

शेजारच्या म्हाताऱ्या मायला अजून ओव्या येतात. उद्या मी लेकीला घेऊन तिच्या ओसरीवर जाणार आहे. तिला थोडं आयुष्य दे, लेकीला गळा दे, आणि मोबाईल बाजूला ठेवून एक ओवी पाठ होईपर्यंत बसायची बुद्धी मला दे.