दुसऱ्या पिढीतली कपाशी

परभणी जिल्ह्यातील मानवत ही कापसाची जुनी बाजारपेठ असून तिच्या भोवतालच्या गावांत वाढणाऱ्या मुलांना आनुवंशिकता, म्हणजे आईवडिलांची लक्षणे अपत्यात उतरण्याची प्रक्रिया, समजावून सांगायची झाल्यास पाठ्यपुस्तकातल्या वाटाण्याइतकीच शिवारातली कपाशी उपयोगी पडेल. संकरित कपाशीची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरली तर पीक पहिल्यासारखे येत नाही, झाडे कमीजास्त उंचीची निघतात, बोंडे सारखी भरत नाहीत आणि म्हणून दर हंगामात बियाण्याची नवी पिशवी आणावी लागते, हे तिथल्या शेतकरी घरांतल्या मुलांच्या कानांवरून गेलेले असते. मात्र असे का घडते याचे उत्तर मिळण्यासाठी मानवजातीला दोन हजारांहून अधिक वर्षे थांबावे लागले.

‘खाण तशी माती’ असे म्हणणाऱ्या समाजाला संततीचे पालकांशी असलेले साम्य कधीच अपरिचित नव्हते. अवघड होते ते या साम्यातले अपवाद समजून घेणे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात रक्त, मांस, मेद, हृदय हे आईकडून, तर केस, नखे, दात, हाडे ही वडिलांकडून येतात अशी विभागणी केलेली आहे आणि त्याबरोबर आहार व सवयी यांचाही गर्भाच्या घडणीतला वाटा मान्य केलेला आहे. त्याच ठिकाणी, अपत्य जर आईवडिलांपासूनच घडते तर आंधळ्याची मुले आंधळी का होत नाहीत, असा नेमका आक्षेप उपस्थित करून बीजाचा जो भाग दूषित असेल त्याच्याशी निगडित अवयवातच विकृती येते, असे उत्तर दिलेले आढळते. अवयवांची ती वाटणी आज टिकत नाही; पण बीज हे एकसंध नसून त्याला भाग आहेत, ही कल्पना विलक्षण दूरदर्शी होती आणि तिचा प्रयोगाने पाठपुरावा झाला नाही याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही. ग्रीक विचारवंत अॅरिस्टॉटल याने आई द्रव्य पुरवते आणि वडील त्याला आकार देतात असे मानले होते.

एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपातील बहुतेक अभ्यासकांची समजूत अशी होती की, दुधात पाणी मिसळावे त्याप्रमाणे दोन्ही पालकांची लक्षणे अपत्यात एकजीव होतात. या समजुतीतली अडचण 1867 मध्ये फ्लीमिंग जेन्किन या अभियंत्याने दाखवून दिली: लक्षणे जर मिसळतच असतील तर एखाद्या प्राण्यात उपजलेला नवा गुण पिढीगणिक अर्धा होत जाऊन लवकरच नाहीसा होईल आणि मग निसर्गाला निवड करण्यासाठी काही उरणारच नाही. डार्विनने 1868 मध्ये शरीराच्या प्रत्येक भागातून सूक्ष्म कण निघून बीजात गोळा होतात अशी उपपत्ती मांडली खरी, परंतु तिला पुरावा लाभला नाही.

त्या सुमारास उत्तर छापून तयार होते, फक्त त्याकडे कोणाचे लक्ष गेलेले नव्हते. ब्रनो येथील मठात राहणारे ग्रेगोर मेंडेल यांनी 1856 पासून सुमारे आठ वर्षे वाटाण्याच्या सात लक्षणांचा अभ्यास केला आणि 1866 मध्ये तो प्रसिद्ध केला. गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या झाडांचा संकर केल्यावर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल निघाले. सुरकुती जणू बुडाली. पण त्या दाण्यांपासून वाढलेल्या झाडांना स्वतःच्याच परागांनी फळू दिल्यावर 5474 दाणे गोल आणि 1850 दाणे सुरकुतलेले मिळाले, म्हणजे जवळजवळ तिनास एक. मेंडेल यांनी यावरून असा अर्थ लावला की, प्रत्येक लक्षणासाठी झाडात दोन घटक असतात, एक आईकडचा व एक वडिलांकडचा. ते शेजारी राहूनही मिसळत नाहीत आणि बीजपेशी तयार होताना पुन्हा वेगळे होऊन त्यांतला एकच पुढे जातो. जो घटक एकटा असतानाही आपले लक्षण दाखवतो तो प्रभावी, आणि जो जोडीला स्वतःसारखाच घटक मिळाल्यावरच प्रकटतो तो अप्रभावी. आजोबांची एखादी खूण मुलात न दिसता नातवात दिसू शकते ती यामुळेच. मेंडेल 1884 मध्ये वारले. त्यांचे काम 1900 मध्ये नव्याने उजेडात आले.

कपाशीचे कोडे येथे सुटते. कपाशीचे फूल बहुधा स्वतःच्याच परागांनी फळते, त्यामुळे संकरित बियाणे तयार करताना मादी वाणाच्या उमलू पाहणाऱ्या कळीतील पुंकेसर आदल्या दिवशी हाताने काढून टाकावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचे पराग तिच्या कुक्षीवर लावावे लागतात. सुरत येथे सी. टी. पटेल यांनी 1970 मध्ये कपाशीचा पहिला व्यापारी संकरित वाण दिला, तर मराठवाड्यात नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा ‘एनएचएच 44’ घरोघर पोचला. पिशवीतल्या बियांमधली प्रत्येक बी एकाच आईची आणि एकाच बापाची असल्यामुळे शेत एकसारखे वाढते. पण त्या झाडांवरच्या सरकीत जोड्या फुटतात आणि घटकांची नवी वाटणी होते. एका जोडीपुरते पाहिले तर संकराची मूळ मिश्र जोडी पुन्हा जुळण्याची शक्यता निम्मी असते. परस्परांवर अवलंबून नसलेल्या दहा जोड्या एकदम जुळण्याची शक्यता 1024 मध्ये एक इतकीच उरते. भारतात 2002 मध्ये परवानगी मिळालेल्या पहिल्या बीटी संकरित कपाशीत बोंडअळीला मारक ठरणारा घटक फक्त एका पालकाकडून आलेला असल्याने तिची सरकी पेरली तर साधारण चौथा हिस्सा झाडे त्या घटकाविना निघतात. मेंडेल यांचे तिनास एक हे प्रमाण मानवतच्या काळ्या रानातही चुकत नाही. याउलट सरळ वाणांत दोन्ही घटक बहुतांशी सारखेच असल्याने वाटणी कशीही झाली तरी फरक पडत नाही आणि त्यांचे बियाणे राखता येते.

जी फाटाफूट शेतकऱ्याला नुकसानीची वाटते, तीच वाण निर्माण करणाऱ्याचे भांडवल असते. भेंडीची पाने पिवळी पाडणाऱ्या विषाणूला तोंड देण्यासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठात लागवडीखालील ‘पुसा सावनी’ या वाणाचा एका रानटी नातलगाशी संकर करण्यात आला आणि पुढच्या पिढ्यांतल्या सरमिसळ झाडांमधून रोगाला दाद न देणारी तरीही खाण्याजोगी फळे देणारी झाडे निवडत ‘परभणी क्रांती’ हा वाण घडवण्यात आला. लक्षणे खरोखरच मिसळून एकजीव होत असती तर रानटी झाडाची रोगप्रतिकारशक्ती वेगळी काढून घेणे शक्यच झाले नसते.

तथापि सगळेच बीजातून येते असे मुलांच्या मनावर ठसवणे चुकीचे आणि अन्यायाचेही ठरेल. डॅनिश शास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सेन यांनी 1903 मध्ये घेवड्याच्या एकाच शुद्ध वंशातील मोठे आणि लहान दाणे वेगवेगळे पेरले, तेव्हा दोन्हींच्या संततीचे सरासरी वजन सारखेच भरले. दाण्यांमधला फरक वाढीच्या परिस्थितीतून आलेला असल्यामुळे तो पुढे गेला नाही. आनुवंशिक घटकाला ‘जीन’, म्हणजेच मराठीतले जनुक, हे नाव 1909 मध्ये त्यांनीच दिले. एका सरळ वाणाचे बियाणे अर्धे खोल काळ्या जमिनीत आणि अर्धे मुरमाड माळावर पेरले तर बोंडांच्या वजनात डोळ्यांत भरणारा फरक पडतो, पण दोन्हींकडची सरकी पुढच्या वर्षी एकाच जमिनीत टाकल्यास तो फरक उरत नाही. त्यामुळे अभ्यासात मागे पडलेल्या मुलाच्या घराण्याचे रक्त काढण्याआधी त्याला कोणती जमीन मिळाली हे पाहणे शास्त्राला धरून होईल.