गुरूचे स्वप्न आणि शिष्याचे पाय

शिक्षकाने विद्यार्थ्याकडून किती मागावे, हा प्रश्न जुनाच आहे. पाठांतर मागावे, शिस्त मागावी, वेळेवर गृहपाठ मागावा, याविषयी कोणाचे दुमत नाही. परंतु ज्या मुलाच्या घरी दोन वेळच्या जेवणाची भ्रांत आहे, ज्याच्या वस्तीत धावायला तर सोडाच, मोकळेपणी चालायलाही जागा नाही, त्याच्याकडून शिक्षकाने बेचाळीस किलोमीटर धावण्याची अपेक्षा धरावी काय? आणि धरली, तर ती कोणासाठी?

हा प्रश्न आम्ही कल्पनेने रचलेला नाही. १९८६ साली अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात तेथील पहिली मॅरेथॉन शर्यत झाली. तीत हॅरी शाबाझियन नावाचे एक शिक्षक धावले. बॉइल हाइट्स या श्रमिकांच्या आणि स्थलांतरितांच्या भागात ते शिकवीत. त्यांची शाळा होती नेहमीच्या शाळेतून गळत चाललेल्या मुलांसाठी. स्वतः शर्यत पुरी केल्यावर या गृहस्थांनी वर्गातील मुलांना आव्हान दिले, की पुढच्या वर्षी माझ्याबरोबर चला. काही मुले तयार झाली. कित्येक महिने सराव झाला, आणि ज्यांच्याविषयी कोणीच फारशी आशा धरली नव्हती अशी मुले ते अंतर धावून गेली. पुढे इतर शाळांतील शिक्षकही या कामात उतरले आणि आज तेथे दरवर्षी हजारो विद्यार्थी शिक्षकांच्या सोबतीने ही तयारी करतात.

यातले कोणी जिंकण्यासाठी धावत नाही. जिंकणारे धावपटू दोन तासांच्या थोडे पुढेमागे शर्यत संपवतात. ही मुले त्यानंतर कितीतरी तासांनी पोचतात. मग आमच्या शिरोड्याची एखादी आई सहज विचारील, ‘त्यातना काय गावतला?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याला हसण्यावारी नेणे आम्हांस पसंत नाही. गरिबाघरच्या मुलाची पहाटेची झोप, त्याच्या ताटातला घास, त्याचे गुडघे, यांना मोल आहे. शिवाय ज्या अंतरासाठी हा खटाटोप, त्या अंतरात तरी पवित्र असे काय आहे? ४२.१९५ किलोमीटर हा आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ठरला, तो विंडसरच्या राजवाड्यापासून क्रीडांगणातील राजघराण्याच्या आसनापर्यंतचा मार्ग तेवढा भरला म्हणून! १९२१ साली तो कायम झाला. राजघराण्याच्या सोयीने ठरलेल्या मापासाठी मजुराच्या मुलाने छाती फुटेपर्यंत धावावे, यात एक विसंगती आहे खरी.

तरीही त्या आईला उत्तर आहे, असे आम्हांस वाटते. संत थॉमस अक्वायनस यांनी धैर्य या सद्‌गुणाची चिकित्सा करताना एक मार्मिक भेद केला आहे. धैर्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चालून जाणारा वीर उभा राहतो. परंतु थॉमस यांच्या मते धैर्याचे मुख्य कार्य चालून जाणे नसून टिकून राहणे होय. संकट अंगावर असताना ढळू नये, हे अधिक कठीण. सेमिनरीत हे शिकताना आम्हांला ते पुस्तकी वाटले होते. परंतु गरिबीत वाढणाऱ्या मुलाला रोज जे करावे लागते ते हेच नव्हे काय? गिरणगावातील दहा बाय बाराच्या खोलीत, १९८२ च्या संपानंतर ज्या घरांतील चूल अर्धी विझली त्या घरांत, आपल्या कोकणातील कितीतरी मुले टिकून राहिली. त्या टिकण्याला कोणी सद्‌गुण म्हटले नाही, कारण ते त्यांनी निवडलेले नव्हते. ते त्यांच्यावर लादले गेले होते. लॉस एंजेलिसच्या त्या शिक्षकाने मुलांना निराळे काय दिले? सोसणे त्यांना नवे नव्हते. नवे एवढेच, की हे सोसणे त्यांनी आपण होऊन स्वीकारले होते आणि त्याला शेवटची रेषा होती. उपजत दुःखाला अशी रेषा नसते.

येथवर सारे सुरेख दिसते. परंतु याच गोष्टीची दुसरी बाजू आपल्या देशातच घडली आहे.

ओडिशातील बुधिया सिंग हे नाव काही वाचकांना आठवत असेल. २ मे २००६ रोजी, मे महिन्याच्या त्या उन्हात, जेमतेम चार वर्षांचा हा मुलगा पुरीहून भुवनेश्वरकडे ६५ किलोमीटर धावला. त्याला सुमारे सात तास लागले. शेवटी त्याची प्रकृती ढासळली आणि तेथेच त्याला थांबवावे लागले. त्याचे गुरू बिरंची दास हे ज्यूदोचे प्रशिक्षक. झोपडपट्टीतल्या अत्यंत गरीब घरातून त्यांनी त्याला आपल्याकडे आणले, खाऊपिऊ घातले, नाव मिळवून दिले. शासनाने पुढे त्याच्या अशा धावण्यावर बंदी घातली आणि नंतर त्याला सरकारी क्रीडा वसतिगृहात ठेवले. २००८ साली दास यांची हत्या झाली. मुलगा मोठा झाला, पण ज्या विक्रमांची स्वप्ने त्याच्या नावाने पाहिली गेली ती प्रत्यक्षात आली नाहीत.

दास यांना सरसकट दुष्ट ठरवणे सोपे आहे. आम्ही ते करणार नाही. पोटभर अन्न त्या मुलाला प्रथम त्यांच्याच घरी मिळाले असेल, तर त्या अन्नाचे ऋण कसे मोजायचे? पण ऋण कितीही मोठे असो, चार वर्षांच्या बालकाला ‘नको’ म्हणता येत नाही. ज्याच्या हातून घास मिळतो त्याला नकार देणे मोठ्यांनाही जड जाते. मनुष्य हे साध्य आहे, त्याला निव्वळ साधन करू नये, असे जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी सांगितले. उपकारकर्त्याच्या हातून माणसाचे साधन होते ते नकळत, आणि बहुधा प्रेमापोटीच. म्हणून तेथे अधिक जपावे लागते.

मग फरक कोठे शोधावा? आमच्या मते तो नाशिक जिल्ह्यात सापडतो. हरसूलजवळचा सावरपाडा हा आदिवासी पाडा. तेथे १९८५ साली जन्मलेल्या कविता राऊत या मुलीला नाशिक येथे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांनी घडवले. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात तिने कांस्यपदक मिळवले. मिल्खा सिंग यांच्या १९५८ च्या सुवर्णपदकानंतर राष्ट्रकुलातील धावण्याच्या शर्यतीत वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय. त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक पटकावले. हे सर्वांना ठाऊक आहे. आम्हांला मोलाची वाटते ती निराळीच बाब. जिला वृत्तपत्रांनी ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हटले, तिची मोठी पदके आधी दहा हजार मीटरची आहेत. गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिने मॅरेथॉनचे सुवर्ण मिळवले ते २०१६ साली, वयाच्या तिशीत, आणि त्याच वर्षी ती रिओ ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावली. तेथे ती पदकापासून फार दूर राहिली. परंतु धावली ती एक प्रौढ स्त्री, जिला आपले पाय आणि आपले मन दोन्ही पुरते ठाऊक होते.

बुधियाच्या बाबतीत जे चार वर्षांच्या वयात उरकू पाहिले गेले, त्यासाठी येथे वर्षानुवर्षे वाट पाहिली गेली. शिक्षकाची ही वाट पाहण्याची शक्ती आम्हांला त्याच्या तळमळीहून मोठी वाटते. तळमळ पुष्कळांकडे असते. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. तिच्या पूर्ण अंतरासाठी अठरा वर्षे पुरी व्हावी लागतात. लॉस एंजेलिसमध्ये मात्र याहून लहान मुले धावतात. या दोहोंत कोणते बरोबर, याचा शारीरिक निवाडा वैद्यांनी करावा. नैतिक निवाड्यापुरते आम्हांला मुंबईचा नियम जवळचा वाटतो. मूल जेव्हा कायद्यानेही ‘नको’ म्हणू शकते, तेव्हाच त्याच्या ‘हो’ला पूर्ण वजन येते. मात्र लॉस एंजेलिसच्या शिक्षकांच्या बाजूने एक गोष्ट बोलते. ते स्वतः मुलांबरोबर धावतात. मुलाच्या पोटरीत गोळा आला, तर तो कसा असतो हे त्यांना सांगावे लागत नाही.

शिरोड्याला हे नवे वाटू नये. वि. स. खांडेकर १९२० साली येथे शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत राहिले. पुढे १९७४ साली ज्ञानपीठाचा मान मिळालेला हा लेखक अठरा वर्षे या लहानशा गावात मुलांना शिकवीत होता, गावाच्या हालअपेष्टांत राहून. मुलांकडून त्यांनी पुष्कळ मागितले असेल, पण ते गावाबाहेर उभे राहून नव्हे.

हल्ली आमच्या धर्मग्रामातील पालकांना दहावीच्या टक्क्यांची चिंता आहे. पहाटेचा तास शिकवणीला द्यावा की मैदानाला, यावर घराघरांत वाद होतात. एखाद्या तरुण शिक्षकाने उद्या मुलांना धावायला बोलावले, तर आईबापांनी त्याला मोजकेच विचारावे. तुम्ही स्वतः धावणार का? मुलगा मध्येच थांबतो म्हणाला, तर त्या दिवशी तुम्ही त्याच्याशी कसे बोलाल? आणि तो कधीच मॅरेथॉन धावला नाही, तरी दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच्याकडे त्याच नजरेने पाहाल का? उत्तरे समाधानकारक असतील तर मुलाला खुशाल पाठवावे. ओहोटीनंतर वेळागरची ओली वाळू पायांना डांबरी रस्त्याहून सोसवते. आरंभी दोन किलोमीटर पुरेत, आणि सोळा वर्षांच्या मुलाला अठराचे व्हायला अजून दोन पावसाळे आहेत.