इकडच्या तिकडच्या गोष्टी

पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका प्रोसेस हाऊसमध्ये मी पुष्कळ वर्षे हिशेबनीस होतो. भरतीच्या दिवशी शेटजी मला शेजारी बसवीत. उमेदवाराला जेट किंवा स्टेंटर चालवता येते का, हे आधी कधीच विचारले जात नसे. 'बेसो भाई, गाम कयुं?' इथून आरंभ. मग गाडीला गर्दी, पाऊसपाणी, इथे कोणाकडे उतरलात. या पाच मिनिटांतच निकाल लागून जाई.

नंदुरबारकडचा एक आयटीआय झालेला मुलगा आला. गाव विचारले, गाव सांगितले. गाडीला गर्दी होती? 'होती.' चहा? 'नको.' हात बांधलेले, नजर खाली. तो गेल्यावर शेटजी म्हणाले, 'छोकरो घमंडी छे, कोईनी साथे भळशे नहीं.'

आमच्या खानदेशात वडीलधाऱ्यांपुढे विचारल्यापेक्षा जास्त बोलू नये ही रीत. चहाला पहिल्यांदा नको म्हणणे हा तर शिष्टाचारच. मला हे ठाऊक होते. एका वाक्यात सांगता आले असते. मी वहीत पुढचे नाव लिहिले.

मॅलिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने 1923 साली लिहून ठेवले आहे की, अशा बोलण्यातून माहिती द्यायची नसते, नाते जोडायचे असते. अनोळखी माणसाचे मौन माणसाला भिववते. खरेच आहे. पण आपल्याकडे 'गाव कोणते?' हा प्रश्न इतका निरुपद्रवी नाही. गावामागून आडनाव येते आणि आडनावामागून जे येते, ते वाचकांना सांगायला नको.

आणि तरी हाच प्रश्न उधन्याहून सुटणाऱ्या भुसावळच्या गाडीत कोणी विचारला, 'कोन गावना शेस रे भाऊ?', तर नवख्याला टेकायला जागा मिळते, कधी खोलीसुद्धा. फरक कशात? गाडीतला माणूस आपलेही गाव सांगतो. आमचे शेटजी स्वतः सौराष्ट्रातून आलेले, पण त्यांना त्यांचे गाव विचारण्याची सोय समोरच्याला नव्हती.

गप्पा बंद करून नुसते काम तपासावे, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. बारा तासांच्या पाळीत, स्टेंटरच्या धगीत, शेजारचा माणूस कसा आहे हे महत्त्वाचेच असते. मात्र परक्या भाषेतल्या पाच मिनिटांत ते कळते, असे मानणे हा अन्याय आहे, आणि त्या दिवशी तो माझ्या साक्षीने झाला.

पुढे मी उमेदवाराला आधी माझे गाव सांगू लागलो. चहा दोनदा विचारू लागलो. याला प्रायश्चित्त म्हणावे का, ठरवता येत नाही.

तो मुलगा वर्षभराने उधना स्टेशनवर दिसला. चारपाच सोबत्यांत उभा राहून अहिराणीत काहीतरी रंगवून सांगत होता. सगळे पोट धरून हसत होते. माझ्याकडे लक्ष गेले तसा तो एकदम गप्प झाला, आणि बाकावरची आपली पिशवी उचलून त्याने मला बसायला जागा करून दिली.